झाकण नाकाशी असताना

आमच्या दूध केंद्रावर नवा माणूस कामाला लागला की मी त्याला आधी थंड टाक्या दाखवत नसे, प्रयोगशाळाही दाखवत नसे. सरळ दूध उतरवायच्या धक्क्यावर नेऊन मामांचं नाक दाखवत असे. "हे आपलं पहिलं यंत्र," मी म्हणायचे. नवा माणूस हसायचा, मामाही हसायचे. मी मात्र गंमत करत नसे.

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीपासून थोड्या अंतरावर आमचं केंद्र. आजूबाजूच्या गावांतल्या दूध संस्थांचे टेम्पो सकाळी सात-साडेसातपासून रांगेला लागतात. बऱ्याच गावांत आता मोठे कूलर बसले, पण निम्मी गावं अजून ॲल्युमिनियमच्या चाळीस लिटरच्या कॅनवरच आहेत. कॅन धक्क्यावर उतरतात आणि रुळांवरून एकामागं एक सरकत येतात. दूध पारखणारे आमचे मामा झाकण उपटतात, उलटं करून नाकाशी नेतात, आणि कॅन पुढं ढकलतात किंवा पायानं बाजूला सारतात. पुढं गेलेल्या कॅनचं वजन होऊन दूध मोठ्या टाकीत ओतलं जातं. बाजूला सारलेला कॅन गावाला परत. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. दूध आंबायला नुसती सुरुवात झाली असली तरी त्याचा वास आधी झाकणाच्या आतल्या बाजूला साठतो, हे मला डेअरीच्या पदविकेत कुणी शिकवलं नव्हतं. मामांनी शिकवलं, पहिल्याच आठवड्यात, आणि तेही मी एक आंबट कॅन छातीठोकपणे 'चांगला' म्हणून पास केल्यावर.

पंचक्रोशीत त्यांना 'नाकवाले मामा'च म्हणत. लग्नकार्यात बासुंदी पंगतीत जायच्या आधी आचारी पातेल्यावरचं झाकण घेऊन त्यांच्याकडे येई. मामा हुंगून मान हलवत आणि मगच वाढपी निघत. या मानाचं त्यांना फार अप्रूप होतं. बोलून दाखवत नसत, पण अशा लग्नाला स्वच्छ धुतलेली टोपी घालून वेळेच्या आधी तास-तासभर हजर असत.

मी तिथली पाळीप्रमुख. सकाळची सगळी पाळी माझ्या हुकमतीत. माझा स्वभाव तापट आहे, आणि उन्हाळ्यात दुधाच्या आधी मॅडम नासतात असं माझ्यामागं बोललं जातं हे मला ठाऊक आहे. त्यात खोटं काही नाही. पण मामांवर आवाज चढवायची वेळ त्या वर्षीच्या वैशाखापर्यंत कधी आली नव्हती.

त्या दिवशी आमचा भरलेला टँकर नगरच्या मुख्य डेअरीतून परत आला. तिथं नमुना उकळून बघतात. तो फाटला होता. संध्याकाळी आम्ही गावोगावच्या नमुन्याच्या बाटल्या तपासल्या, तर एकाच गावच्या बाटलीचं दही झालेलं. त्या गावचे तीन कॅन आंबट होते आणि तिन्ही कॅन मामांच्या नाकाखालून पुढं गेले होते. पहाटे उठून बायाबापड्यांनी काढलेलं कितीतरी गावांचं दूध त्या तीन कॅनांपायी वाया गेलं.

रात्र व्हायच्या आत मुख्य कार्यालयातून व्यवस्थापकसाहेबांचा फोन आला. "सोमवारी मी येतोय. तोवर चौकशीचा अहवाल तयार ठेवा. हलगर्जीपणा एवढा एक शब्द त्यात आला की पुढचं माझ्यावर सोडा." पुढचं म्हणजे काय हे विचारायची गरज नव्हती. मामांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शेवटचा टेम्पो गेल्यावर मी तणतणत धक्क्यावर गेले. मामांनी मला तोंड उघडायच्या आत घडी घातलेला कागद पुढं केला.

"मॅडम, ह्यो राजीनामा. नाक गेलं बगा माजं."

"नाक असं एका दिवसात जातं का मामा?"

"गेलं न्हाई तर मंग काय म्हनायचं? तीन कॅन, मॅडम. एकाचाबी वास आला न्हाई मला. काल राती पुतनीचा साखरपुडा हुता. आचारी झाकन घिऊन आला, तर मी म्हनलं, दुसऱ्या कुनाला तरी दाव बाबा."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते. चोवीस वर्षं झाकणं उपटून त्या हातांचे अंगठे वाकडे झाले होते. मला इतकं भरून आलं की आणखी क्षणभर गप्प राहिले असते तर रडलेच असते. म्हणून मी ओरडले. "राजीनामा कधी द्यायचा ते मी सांगेन!" असलं काहीतरी बिनबुडाचं बोलले, कागद हिसकावून घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

पण ओरडून नाक परत येत नाही. ते गेलंय की नाही, हे आधी बघायला हवं होतं. दुपारी प्रयोगशाळेत मी बारा पेले मांडले आणि प्रत्येकावर बशी झाकली. तीन पेल्यांत किंचित आंबायला लागलेलं दूध घातलं, आमच्या नेहमीच्या परीक्षेत जेमतेम सापडेल एवढंच. मामांना बोलावलं, दार लावून घेतलं. मामांनी एकेक बशी उचलली, उलटी केली, नाकाशी नेली. घाई नाही, गडबड नाही. तीन पेले बाजूला सारले. बरोबर तेच तीन.

मी आनंदानं वेडी होऊन साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नाक शाबूत आहे. मग तर सरळसरळ हलगर्जीपणा झाला. वयोमानाचं कारण असतं तर मी थोडं समजून घेतलं असतं."

म्हणजे मामांना वाचवायला गेले आणि त्यांचा खड्डा मीच खोल केला. त्या रात्री मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि माझा राग आला की मला बसवत नाही, काहीतरी करावंच लागतं.

दूध रविवार पाळत नाही. सकाळी मी वही घेऊन धक्क्यावर गेले आणि एका पालथ्या क्रेटवर बसून राहिले. मामांना सांगितलं, मी इथं नाहीच असं समजा. ते झाकणं हुंगत होते आणि मी फक्त एक गोष्ट टिपत होते. झाकण हातात असताना मामांना कुणी काही विचारलं की एक रेघ.

"मामा, आमचं रिकामं कॅन कितीयेत?" रेघ. "मामा, पलीकडच्या गावचा टेम्पो गेला का म्होरं?" रेघ. "मामा, काल आमचा कॅन का परत धाडला? चेअरमन लई बोंबलतेत." ही एक लांबलचक रेघ, कारण त्या संस्थेचे सचिव मामांच्या कोपराला धरून बोलत होते. वजनकाट्यावरचा कारकून ओरडून गावाचं नाव विचारत होता. खिशातला मोबाईल थरथरत होता. आणि मामा प्रत्येकाला उत्तर देत होते. बरोबर उत्तर देत होते! कुणाचे किती रिकामे कॅन, कुणाचा ड्रायव्हर सुट्टीवर, कुठल्या गावात जत्रा म्हणून दूध कमी, सगळं त्यांच्या डोक्यात. तासाभरात माझं पान भरलं.

कॅन उचलणारी माणसं घामाघूम होतात. त्यांना दर तासाला बाकावर टेकता येतं, चहा मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. मामा एका जागी उभे असतात. घाम नाही, धाप नाही. ते दमत असतील हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. साडेनऊच्या सुमाराला मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. झाकण नाकाशी होतं, पण डोळे समोरच्या ड्रायव्हरवर होते आणि ओठ काहीतरी आठवत हलत होते.

मी रेघांचे रकाने केले होते. ड्रायव्हर, सचिव, काटा, ऑफिस. पान उलटून बघितलं तर सगळ्यात जाड रकाना ऑफिसचा, आणि त्या दिवशी तर मी ऑफिसात नव्हतेच! तिथला दुसरा कारकून माझ्या वतीनं फोन करत होता, माझ्याच सवयीनं. रिकाम्या कॅनचा हिशोब मामांकडे मी दिला होता. परत गेलेल्या कॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचं कामही मीच दिलं. ड्रायव्हरांच्या वेळा, नमुन्याच्या बाटल्या, सगळं एकेक करून. दर वेळी एकच वाक्य: "मामा, तुम्ही तिथं उभेच असता, तेवढं जरा बघा ना." मामा कधी नाही म्हणाले नाहीत आणि कधी विसरले नाहीत, म्हणून पुढचं कामही त्यांनाच. आळशी माणसाच्या वाट्याला असं काही येत नाही.

मग मला एक शंका आली. मी काट्यावरच्या चिठ्ठ्या काढल्या. त्यावर वेळ छापून येते. त्या आंबट कॅनांचं वजन नऊ वाजून चौदा मिनिटांनी झालं होतं. मी माझा मोबाईल उघडला. त्या दिवशी, नऊ बाराला, मामांना माझा फोन. चार मिनिटांचा.

काय विचारलं होतं तेही आठवलं. कुठल्या गावच्या किती झाकणांच्या रबरी रिंगा निघाल्यात. मला नव्या रिंगा मागवायच्या होत्या. मामांनी न अडखळता गावामागून गाव सांगितलं होतं, आणि मी खूश होऊन लिहून घेतलं होतं. त्यांनी झाकणांबद्दल मला सांगावं म्हणून तीन झाकणं त्यांच्या नाकासमोरून तशीच गेली होती.

मी धक्क्यावर परत गेले. "मामा, त्या दिवशी नऊच्या पुढं माझा फोन आला होता. तुम्ही मला हे सांगितलं का नाही?"

मामांना प्रश्नच कळला नाही. "फोन तर रोजच येतो, मॅडम. त्यानं काय हुतंय?"

माझं लहानपण भिंगारला गेलं. वडील लष्कराच्या भांडारात मुलकी नोकरीला, आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये. आमच्या शेजारचे एक काका फाटकावर पहाऱ्याला असत. रोज संध्याकाळी मला खांद्यावर घेणारे ते काका फाटकावर मात्र माझ्या हाकेला ओ देत नसत. मी रडत घरी आले होते. वडील म्हणाले, "अगं, तो तिथं बघायच्या कामावर आहे. तू हाक मारलीस तर त्यानं बघायचं कुणी?" एवढी साधी गोष्ट मला सहाव्या वर्षी समजली होती आणि चाळिशीत, पाळीप्रमुख झाल्यावर, मी ती साफ विसरले होते.

सोमवारी नऊ वाजता साहेब आले. अहवाल मागितला. मी म्हटलं, "देते. त्याआधी पंधरा मिनिटं धक्क्यावर उभं राहाल? तुम्ही एके काळी धक्क्यावरचे गाजलेले, असं ऐकलंय." हे खरंच होतं, आणि मी ते मुद्दाम म्हटलं. साहेबांनी घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या आणि मामांच्या जागी उभे राहिले. मामा चार पावलं मागं, भिंतीला टेकून.

पहिले वीसेक कॅन साहेबांनी झकास बघितले. मी कुणालाही काही शिकवून ठेवलं नव्हतं. ड्रायव्हर नेहमीप्रमाणं रिकामे कॅन विचारत होते, सचिव नेहमीप्रमाणं तक्रारी घेऊन येत होते. मी फक्त दोन गोष्टी केल्या. रुळांवर एक आंबट कॅन सोडला, बुडाला खडूची खूण करून. काट्यावर सांगून ठेवलं की हा ओतायचा नाही. आणि तो कॅन जवळ आल्यावर ऑफिसच्या खिडकीतून साहेबांना फोन लावला.

"साहेब, मागच्या उन्हाळ्यात कुठल्या कुठल्या केंद्रांवर वीज जात होती?"

साहेब हुशार माणूस. त्यांनी झाकण उपटलं, नाकाशी नेलं आणि एकेका केंद्राचं नाव सांगत कॅन पुढं ढकलला. काटेवाल्यानं तो धरून ठेवला. साहेबांना अजून पत्ता नव्हता. तेवढ्यात मागून, चार पावलांवरून, मामांचा आवाज आला.

"सायेब, त्यो आंबटाय."

साहेबांनी मोबाईल खाली केला, झाकण पुन्हा उचललं, हुंगलं आणि तसेच उभे राहिले. मी ऑफिसातून धावत आले आणि काट्याची चिठ्ठी व माझी फोनची यादी त्यांच्यासमोर धरली. "हलगर्जीपणा लिहायचाय ना? कुणाचा लिहू ते सांगा. नऊ बाराचा फोन माझा आहे."

साहेबांनी चिठ्ठीवरची वेळ यादीशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "तुमचं लिहिलंत तर तुम्हाला ताकीद मिळेल." मी म्हटलं, मिळू दे. अहवालात हलगर्जीपणापुढं मी माझं पद लिहिलं आणि कुणी कुणावर कुठलं काम कधी टाकलं ते ओळीनं लिहिलं. ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तकात ती अजून आहे आणि मला तिचा अभिमान आहे, असं म्हटलं तरी चालेल. मामांचा राजीनामा मी त्यांच्यादेखत फाडला.

मग कामाची घडीच बदलली. फाटकाजवळ मोठा फळा लावला: रिकामे कॅन, टेम्पोच्या वेळा, परत गेलेले कॅन आणि कारण. ज्याला विचारायचंय त्यानं वाचावं, नाहीतर काट्यावरच्या कारकुनाला विचारावं. धक्क्यावर पिवळा पट्टा मारला. हुंगणाऱ्याचा मोबाईल कपाटात. प्रयोगशाळेतल्या एका बाईंना मामांनी तयार केलं, आणि दोघं अर्ध्या-अर्ध्या तासानं जागा बदलू लागले. मधल्या अर्ध्या तासात बाटल्या लावायच्या, चहा घ्यायचा, बाहेर मोकळ्या हवेत उभं राहायचं. आणि एक खूण ठरवली. हातात झाकण असताना कुणी बोललं तर मान वळवायची नाही, उत्तर द्यायचं नाही. नुसता मोकळा हात वर करायचा. बोलणाऱ्यानं पट्ट्यामागं थांबायचं.

हे सगळं मामांना आवडलं असेल असं वाटत असेल तर ते चूक आहे. मामा रुसले. पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले.

"माज्याकडनं समदं काढून घेतलं," ते एका चहाच्या वेळी म्हणाले. "आदी लोक धा गोष्टी इचारायचे. आता फळ्याला इचारतेत."

मला हे सुचलंच नव्हतं. लोकांनी येऊन विचारणं हाच त्यांचा मान होता आणि मी तो फळ्यावर नेऊन टांगला होता. मी उत्तर द्यायला नको तिथं घाई करते, पण त्या दिवशी सावकाश बोलले. म्हटलं, "मामा, फळा कुणीही लिहील. हुंगायला दुसरी माणसं तयार करायचीत, आपल्या चारही केंद्रांवर. ते कुणी करायचं?" मामा कप विसळत राहिले. दोन दिवसांनी धुतलेली टोपी घालून आले आणि म्हणाले, कुठल्या केंद्रावर जायचं ते सांगा.

सचिव मंडळींनी महिनाभर कुरकुर केली, ड्रायव्हरांनी हात वर करण्याची नक्कल करून टेम्पोत हसून घेतलं. पुढं त्यांनाच सवय झाली. परत जाणारे कॅन सुरुवातीला वाढले, कारण आता नाक फक्त नाकाचं काम करत होतं. मग गावांनी कॅन नीट धुवायला सुरुवात केली. पुतणीच्या लग्नात बासुंदीचं झाकण मामांकडेच आलं, हे मला त्या घरच्या लोकांनी येऊन सांगितलं. मामांनी नाही.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. कार्यालयातून तातडीचा निरोप आला होता, मला मामांकडून काहीतरी लगेच हवं होतं. काय ते आता आठवत नाही, म्हणजे तेवढं तातडीचं नसणार. मी तरातरा धक्क्यावर गेले आणि पट्टा ओलांडून बोलायला लागले. "मामा, तेवढं जरा..."

मामांच्या नाकाशी झाकण होतं. त्यांनी मान वळवली नाही. कोण बोलतंय हे त्यांना माझ्या आवाजावरून कळलंच होतं. त्यांचा मोकळा हात वर गेला आणि माझ्या तोंडासमोर येऊन थांबला.

क्षणभर माझा पारा चढला. ड्रायव्हर बघत होते. मग मी दोन पावलं मागं सरले, पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे गेले आणि सचिवांच्या रांगेत उभी राहिले. मामांनी तो कॅन पायानं बाजूला सारला आणि पुढचं झाकण उपटलं.